पहिला नेटवर्कचा माणूस नेमताना: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कारखानदारांसाठी आणि संस्थाचालकांसाठी

उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांत कॉम्प्युटर एकेक करत आले. आधी टॅलीसाठी एक आला, मग ड्रॉइंग बघायला दुसरा. त्यानंतर कॅमेरे, बोट ठेवून हजेरी लावायचं मशीन आणि सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायची केबल. हे सगळं कुणी एकानं बसून आखलेलं नसतं. ज्यानं कॅमेरे बसवले त्यानं आपला एक स्विच (केबली एकत्र जोडायचा डबा) लावला, ज्यानं इंटरनेट दिलं त्यानं आपला राउटर ठेवला, आणि मालकांच्या केबिनमध्ये वायफाय येईना म्हणून कुणीतरी आणखी एक डबा टांगला. शहरातल्या पतसंस्था, सौहार्द सोसायट्या, शाळा, दवाखाने यांचीही हीच तऱ्हा.

मग एक दिवस माल भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो, कोल्हापूरला जायचा असतो, आणि ई-वे बिल काही निघत नाही. पन्नास हजारांवरचा माल कागदाविना कोगनोळीकडे काढायची हिंमत ड्रायव्हर करत नाही. तेव्हा मालक म्हणतात, "आता एक माणूसच ठेवू या." हे वाक्य तुमच्याही तोंडी आलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. तुम्हाला स्वतःला नेटवर्कमधलं काही कळलं पाहिजे असं नाही. ज्याला कळतं आणि जो नुसता कळतंय असं दाखवतो, या दोघांना वेगळं ओळखता आलं की पुरे.

आधी हिशेब: पगारी माणूस हवा की वर्षाचा करार?

पंधरा-वीस कॉम्प्युटर, एकच इमारत आणि सगळं काम टॅली, ईमेल, प्रिंटर एवढंच असेल, तर पूर्ण वेळचा अनुभवी माणूस नेमू नका. त्याला महिन्यातले वीस दिवस काम नसेल, आणि हुशार माणूस रिकामा बसला की वर्षभरात दुसरी नोकरी बघतो. अशा ठिकाणी वार्षिक देखभालीचा करार बरा. करारात मात्र दोन गोष्टी लिहून घ्या: किती तासांत माणूस पोहोचेल, आणि सगळे पासवर्ड कुणाकडे राहतील. दुसऱ्या गोष्टीवर खाली पुन्हा बोलू.

पूर्ण वेळचा माणूस लागतो तो काम एकाहून जास्त जागी पसरलं की. शहरात मुख्य कचेरी आणि निपाणी, खानापूर, चिकोडीला शाखा असतील, कारखान्यात दोन शेडमध्ये मशीनं आणि स्वतःचा सर्व्हर असेल, किंवा रात्रपाळी चालत असेल, तर माणूस लागतोच. दवाखान्याला तर नक्की लागतो. तिथं रात्री अकराला रिपोर्ट उघडला नाही तर सकाळपर्यंत थांबता येत नाही.

मधला एक मार्गही आहे, आणि आपल्याकडे तो फारसा कुणी वापरत नाही. शेजारशेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून एक माणूस घ्यायचा. उद्यमबागेत भिंतीला भिंत लागून असलेली युनिटं आहेत, त्यांना हे सहज जमेल. अडचण असते ती पगार कुणाच्या खात्यातून जायचा आणि एकाच वेळी दोघांकडे बिघाड झाला तर आधी कुठं धावायचं याची. हे आधी कागदावर ठरवा, नंतर चहा पिताना ठरत नाही.

जाहिरात देण्याआधी वहीत मोजदाद

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात आणि नंतर चुकीचा माणूस घेऊन बसतात. एक साधी वही घ्या. एका बाजूला यादी करा: कॉम्प्युटर किती, कुठल्या खोलीत, विंडोज कुठलं. (विंडोज १० ला कंपनीकडून मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. यादीत किती मशीनं तशीच आहेत हे दिसलं की नव्या माणसाचं पहिलं काम आपोआप ठरतं.) प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं मशीन, राउटर, स्विच, यूपीएस हेही लिहा. इंटरनेटच्या लाइनी किती आणि कुणाच्या तेही लिहा. दोन लाइनी असतील तर बाहेर जाऊन एकदा वर बघा. दोन्ही एकाच खांबावरून येत असतील तर पैसे दोन लाइनींचे जातात, पण खरी लाइन एकच. हायवेला जेसीबी लागला की दोन्ही एकदमच जातात.

वहीच्या दुसऱ्या बाजूला दोन आठवडे तक्रारी लिहून काढा. कुणी केली, किती वाजता, काय बंद पडलं आणि कशानं सुरू झालं. लोक सांगतील तशाच शब्दांत लिहा: "सर, टॅली ओपनच होईना बघा", "प्रिंट दुसऱ्याच प्रिंटरवर जातंय". साफसूफ करून लिहिलंत तर त्यातला उपयोगी भाग निघून जातो.

दोन आठवड्यांनी वही चाळा. बहुतेक तक्रारी पासवर्ड विसरणं, प्रिंटर अडकणं, कॉम्प्युटर हळू चालणं अशा असतील, तर तुम्हाला सपोर्टचा माणूस हवा आहे. दोन-तीन वर्षांचा अनुभव आणि गोड बोलणं एवढं पुरतं. एकदम दहा जणांचं बंद पडतं, संध्याकाळी पाचलाच हळू होतं, पाऊस आला की मागच्या शेडचं जातं, अशा तक्रारी असतील तर प्रश्न नेटवर्कच्या पायातच आहे आणि अनुभवी अ‍ॅनालिस्ट लागतो. हा जास्त पगार घेतो, कारण तक्रारींमधला नमुना ओळखणं हेच त्याचं खरं काम. मागच्या शेडचं पावसात जाणं ही सुटी तक्रार नसते. दोन शेडच्या मध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढली आहे, अर्थिंग धड नाही, आणि एप्रिल-मेच्या वळवात वीज कडाडली की तीच केबल स्विचचं पोर्ट जाळते. अनुभवी माणूस तिथं फायबर (काचेच्या तंतूंची केबल) टाकायला सांगेल, कारण काचेतून वीज वाहत नाही. शिवाय नेटवर्कच्या तांब्याच्या केबलला एका दमात १०० मीटरची मर्यादा आहे, आणि आपल्याकडच्या फाउंड्रींच्या आवारात ती सहज ओलांडली जाते.

जाहिरात: जे खरं आहे तेच लिहा

"डायनॅमिक, हार्डवर्किंग, ऑल-राउंडर" असल्या जाहिरातीला शंभर अर्ज येतात आणि कामाचा एकही नसतो. वहीतून निघालेलंच लिहा. नमुना असा (यातला मॅनेज्ड स्विच म्हणजे सेटिंग बदलता येणारा स्विच, फायरवॉल म्हणजे बाहेरून घुसणाऱ्याला अडवणारा पहारेकरी; व्हीलॅनचं पुढं सांगतो):

"बेळगाव उद्यमबाग येथील कारखान्यासाठी नेटवर्क व आयटी सपोर्ट अ‍ॅनालिस्ट पाहिजे. ६० कॉम्प्युटर, दोन शेड, एक सर्व्हर, ३२ कॅमेरे. मॅनेज्ड स्विच, व्हीलॅन, फायरवॉल व बॅकअपचं काम स्वतः केलेलं असावं. किमान पाच वर्षांचा अनुभव. मराठी, कन्नड बोलता यावं; इंग्रजी वाचता-लिहिता यावं. महिन्यातून दोन रविवारी काम, त्याची बदली सुट्टी. पगार अमुक ते अमुक."

पगाराचा आकडा लिहायला आपले लोक फार संकोचतात. लिहा. न लिहिल्यानं अर्ज वाढतात, माणूस मिळायला मात्र उशीर होतो.

जाहिरात कुठं द्यायची? 'तरुण भारत'मधली छोटी जाहिरात सपोर्टच्या नवख्या मुलांसाठी अजून चालते, कारण ती घरातले वडील वाचतात आणि मुलाला फोन करतात. अनुभवी माणसासाठी नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन आहेतच. पण खरा साठा वेगळ्याच जागी आहे: पुण्यात, बंगळुरात आठ-दहा वर्षं काढलेली आपलीच मुलं. आई-वडील शहापूर-वडगावात एकटे, मुलांची शाळा बघायची वेळ झालेली, हिंजवडीच्या रहदारीला कंटाळलेली. ती नोकरी शोधत नसतात, कारण बेळगावात आपल्या कामाची नोकरी असते हे त्यांना खरंच वाटत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर गणपतीच्या आधी पंधरा दिवस जाहिरात काढा आणि भेटी गणपतीच्या सुट्टीत ठेवा. मंडळांच्या, जुन्या शाळासोबत्यांच्या, गोगटे आणि मराठा मंडळ इंजिनिअरिंगच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. हे मी अगदी मनापासून सुचवतो, बाकीच्या वाटा याच्यानंतर.

कोल्हापूरकडची, शिरोली-गोकुळ शिरगाव भागातली माणसंही येतात, हुबळी-धारवाडहूनही येतात. पण रोज ये-जा करीन म्हणणाऱ्याला जरा जपून घ्या. पहिले दोन महिने जमतं, पुढं अवघड जातं.

अर्ज वाचताना

सर्टिफिकेट हे दार उघडण्यापुरतं. सिस्को कंपनीचं नेटवर्कचं सीसीएनए असेल तर ते तीन वर्षांसाठीच ग्राह्य असतं, हे लक्षात ठेवा. २०२० च्या फेब्रुवारीपासून त्याची २००-३०१ ही एकच परीक्षा आहे. २०१५ चं सर्टिफिकेट दाखवणारा माणूस वाईट असतो असं नाही, पण त्यानंतर काय शिकलात हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला मिळतो. मायक्रोसॉफ्टनं आपलं एमसीएसई हे सर्टिफिकेट २०२१ च्या जानेवारीअखेर बंद केलं. "नुकतंच एमसीएसई केलं" असं कुणी म्हणालं तर तारीख बघा.

अनुभवाच्या पत्रावर विसंबण्यापेक्षा उमेदवारालाच त्याच्या मोबाइलवर भविष्यनिर्वाह निधीची सर्व्हिस हिस्ट्री उघडून दाखवायला सांगा. कुठं, कधीपासून कधीपर्यंत, सगळं तिथं असतं. लहान फर्ममध्ये काम केलेल्यांचा निधी कापला गेलेला नसतो, तेव्हा नोंद नाही म्हणजे खोटारडा असं समजू नका. त्याच्या आधीच्या मालकांना फोन करा.

आणखी एक गोष्ट. मुलींचे अर्ज बाजूला ठेवायची आपल्याकडे सवय आहे, "रात्री-अपरात्री यायचं काम" असं म्हणून. रात्रीचं बहुतेक काम घरून लॅपटॉपवर होतं. क्वचित कधी यावं लागलं तर गाडी पाठवा.

खरी परीक्षा टेबलावर

इथं वेळ घालवा. बाकी सगळ्यात घाई झाली तरी चालेल.

तोंडी प्रश्नांची उत्तरं आता कुणीही पाठ करून येतो. नेटवर्कच्या पुस्तकातले ओएसआयचे सात थर धडाधड म्हणणाऱ्याला केबल कुठं सैल आहे ते सापडेलच असं नाही. म्हणून एक टेबल मांडा: आठ पोर्टांचा जुना स्विच, एक राउटर, दोन लॅपटॉप, एक प्रिंटर, चार-पाच केबली. हे सगळं तुमच्याच अडगळीत सापडेल. मांडून द्यायला जाणकार लागतो. करारावरच्या माणसाला किंवा ओळखीच्या कॉलेजमधल्या सरांना अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन बोलवा. त्यांना तीन बिघाड पेरायला सांगा.

पहिला: दुसरा एक वायफाय राउटर त्याच स्विचला लॅनच्या भोकातून जोडून ठेवायचा. मग आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक मशीनला मिळणारे आकडी पत्ते) वाटणारे दोघं होतात आणि काही मशीनांना चुकीचा पत्ता मिळतो. कुणाचं चालतं, कुणाचं चालत नाही, रीस्टार्ट केलं की कधी सुटतं, कधी नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांत सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं हेच, कारण वायफाय वाढवायला डबा कुणीही आणून टांगतो. दुसरा: एका केबलीतल्या आठ तारांपैकी चारच जोडायच्या. नेट चालेल, पण वेग शंभर एमबीपीएसवर अडकेल. तिसरा: एका लॅपटॉपमध्ये डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता चुकीचा टाकायचा.

उमेदवाराला एवढंच सांगा: "अकाउंटच्या मॅडम म्हणतात नेट चालत नाही. बघा जरा." आणि गप्प बसा.

अर्धा कच्चा माणूस लगेच राउटर बंद-चालू करतो. मग लॅपटॉप रीस्टार्ट करतो. मग "विंडोज टाकावं लागेल" म्हणतो. हात भरभर चालतात, तोंड बंद असतं.

अनुभवी माणूस हात लावण्याआधी विचारतो: कधीपासून बंद आहे? सगळ्यांचं की एकट्या मॅडमचं? काल-परवा काही नवीन जोडलं का? मग वाकून स्विचचे दिवे बघतो. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून पत्ता बघतो. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर म्हणतो, "याला पत्ता मिळालेलाच नाही." पत्ता भलत्याच मालिकेतला असेल तर गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) कुठला दाखवतोय ते बघतो आणि विचारतो, "आणखी एखादा राउटर आहे का कुठं?" हे वाक्य ऐकलं की निम्मी मुलाखत झाली असं समजा. पुढं तो आधी गेटवेला पिंग करेल (हाक मारून उत्तर येतं का ते बघेल), मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, ८.८.८.८ ला म्हणा. आकड्यांना उत्तर येतंय पण वेबसाइटचं नाव टाकलं की उघडत नाही, हे दिसलं की तो डीएनएसकडे वळेल. जवळून लांब, एकेक टप्पा वगळत जाणं ही त्याची रीत. ती रीत बघण्यासाठीच टेबल मांडायचं. तिन्ही बिघाड सापडलेच पाहिजेत असं नाही. दोन सापडले, तिसऱ्याला "मला अजून कळत नाही, केबल टेस्टर आहे का?" असं विचारलं, तर मी तो माणूस घेईन. टेस्टर मागणारा माणूस अंदाजावर पैसे खर्च करत नाही.

टेबलावरून उठल्यावर त्याच्या हातात कोरा कागद द्या आणि आधीच्या नोकरीतल्या नेटवर्कचा नकाशा काढायला सांगा, नावं-पासवर्ड न लिहिता. ज्यानं खरंच काम केलं आहे तो न अडखळता काढतो: लाइन इथून यायची, फायरवॉल, मधला मुख्य स्विच, दोन मजल्यांवर दोन रॅक, कॅमेरे वेगळे. कॅमेरे वेगळे का ठेवले हे विचारा. व्हीलॅनबद्दल बोलेल. व्हीलॅन म्हणजे जुन्या वाड्यात एकाच छताखाली भावाभावांची स्वयंपाकघरं वेगळी असतात तसा प्रकार: स्विच तोच, पण कॅमेऱ्यांच्या वाटेनं घुसलेला चोर अकाउंटच्या खोलीत जात नाही.

मग शेवटचं, दहा मिनिटांचं. "रविवारी सर्व्हरचं काम आहे, नेट चार तास बंद राहील, हे स्टाफला कळवणारी अर्ध्या पानाची नोटीस लिहा." भाषेचं व्याकरण बघू नका. काय बंद, किती वाजता, का, आणि अडलं तर कुणाला फोन करायचा, हे चार मुद्दे आलेत का ते बघा.

समोरासमोर बसून

तोंडी प्रश्न तीन-चारच ठेवा, पण बरोबर ठेवा.

"बॅकअप घेता?" असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. "बॅकअपमधून शेवटची फाइल परत कधी काढून बघितली होती?" असं विचारा. बॅकअप घेतला पण कधी उघडून बघितला नाही, असा माणूस रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्याच्या) दिवशी तुमच्याबरोबरच घाम पुसत उभा राहील. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक इमारतीबाहेर, हा जुना नियम त्याला ठाऊक असला पाहिजे. आणि एक प्रत नेटवर्कला कायम जोडलेली नसावी, हे तो आपणहून म्हणाला तर उत्तम.

"घरून टॅली बघायचं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवा, असं मालक म्हणाले तर?" योग्य उत्तर: नाही, व्हीपीएन (इंटरनेटवरून आत यायची सुरक्षित, बंद वाट) लावून देतो. मालकाला नाही म्हणता येतं का, तेही यातून कळतं.

"हल्ला झाला तर कुणाला कळवायचं?" सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी सायबर घटना तिला सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. अनुभवी माणसाला हे तपशिलात नाही तरी ऐकून माहीत असावं.

भाषेचं सरळ विचारा. आपल्या कारखान्यात ऑफिसात मराठी चालते, शॉप फ्लोअरवर गोकाक-बैलहोंगलकडची पोरं कन्नड बोलतात, मशीन बसवायला आलेला इंजिनिअर हिंदी बोलतो, आणि सगळी मॅन्युअलं इंग्रजीत. हेस्कॉममध्ये लाइटची तक्रार द्यायची, सरकारी कागद भरायचा, तर कन्नड लागतंच. सीमाप्रश्नावर तुमचं-माझं जे काही मत असेल ते असो, सर्व्हर बंद पडल्यावर समोरच्याला त्याच्या भाषेत धीर देणारा माणूस हवा. टेबलावरचा एक बिघाड आधी मराठीत, मग मोडक्यातोडक्या का होईना कन्नडमध्ये समजावून सांगायला लावा. आणि उलटही चालू द्या: कन्नड मातृभाषेचा माणूस मोडकी मराठी बोलत असेल तर तेवढ्यासाठी त्याला परत पाठवू नका.

पगार आणि कागद

पुण्याहून परतणाऱ्याशी बोलताना तिथला पगार आणि इथला पगार शेजारी ठेवून दोघंही उगाच खट्टू होतात. तिथल्या हातात येणाऱ्या रकमेतून घरभाडं, मेस, गाडीखर्च, महिन्याच्या बेळगावच्या फेऱ्या वजा करा आणि मग बोला. उरलेला फरक पैशानं भरून निघत नसेल तर शिकण्याची सोय द्या: वर्षाला एका परीक्षेची फी, थोडं जुनं का असेना पण सरावाला एक मॅनेज्ड स्विच.

नेमणुकीचं पत्र द्याच. त्यात हुद्दा, पगार, परिविक्षा, नोटिशीचा काळ, रात्रीच्या फोनचा भत्ता, पेट्रोल आणि लॅपटॉप कुणाचा हे असू द्या. उद्यमबागेतून होनग्याला जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, वाटेत टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं की तिथंच पंधरा मिनिटं. पेट्रोलचा वाद पहिल्याच महिन्यात येतो. कर्नाटकात महिना २५ हजार आणि त्याहून जास्त पगारावर व्यवसाय कर कापावा लागतो: महिन्याला २०० रुपये, आणि २०२५ पासून फेब्रुवारीत ३००. वीस किंवा जास्त माणसं असतील तर भविष्यनिर्वाह निधी, दहा किंवा जास्त असतील तर २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय (कामगार विमा). हे तुमचे अकाउंटंट बघतीलच, पण उमेदवाराला हातात किती पडणार हे पत्र देण्याआधी सांगा.

गुप्ततेचा एक कागद वेगळा घ्या. हा माणूस तुमचे सगळे मेल, पगारपत्रकं, ग्राहकांची ड्रॉइंगं बघू शकणार आहे. विमानाचे सुटे भाग किंवा संरक्षण खात्याचं काम करत असाल तर तुमचे ग्राहकच हा कागद मागतील.

पहिले तीन महिने

पहिल्या दिवशी नवं काही विकत आणू देऊ नका. नवा माणूस आला की फायरवॉल, सर्व्हर, रॅक अशी यादी घेऊन येतो. त्यातलं निम्मं खरंच लागतं, पण आधी असलेलं नीट बघू दे.

पहिल्या महिन्यात तुमच्या वहीतली मोजदाद पुढं नेऊन नकाशा करायचा आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची. सांगायला सोपं आहे, पण ग्राइंडरच्या शेजारी भिंतीवर टांगलेल्या स्विचमधून निघणाऱ्या, लोखंडाच्या भुकटीनं काळ्या झालेल्या चोवीस केबली एकेक ओढून ओळखायच्या म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक. तो स्विच तिथून हलवून बंद पेटीत घालायला सांगा. भुकटी धातूची असते, पंख्यातून आत गेली की शॉर्ट होतं.

त्याच महिन्यात पासवर्डांचं. राउटर, फायरवॉल, सर्व्हर, कॅमेरे, वेबसाइटचं नाव, ईमेल, या सगळ्यांचे मुख्य पासवर्ड छापून, पाकिटात घालून, सही करून तिजोरीत. बदलले की नवं पाकीट. वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर आहे तेही बघायला सांगा. शहरातल्या एका दुकानदाराचं नाव जुन्या डिझायनरच्या ईमेलवर होतं. डिझायनर दुबईला गेला, नूतनीकरणाची सूचना त्यालाच गेली, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर दुकानाची साइट आणि ईमेल दोन्ही बंद.

दुसऱ्या महिन्यात बॅकअपमधून टॅलीचा अख्खा डेटा दुसऱ्या मशीनवर परत आणून दाखवायला सांगा. तुमच्यासमोर. अकाउंटंटनं उघडून कालची नोंद दिसते का ते बघायचं. अर्थिंगची तपासणी पावसाच्या आत, खानापूर-जांबोटीकडे शाखा असेल तर तिकडची आधी. यूपीएसच्या बॅटऱ्या किती मिनिटं टिकतात हे मेन स्विच पाडून बघायचं, बॅटरीवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

मोठी कामं सुट्टीला लावा. १ नोव्हेंबरची राज्योत्सवाची सुट्टी, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची रात्र असे दिवस आधीच कॅलेंडरवर टिपून ठेवू देत. त्या माणसालाही मिरवणूक बघायची असेल, तेव्हा विचारून.

तिसऱ्या महिन्यात तुमची जुनी तक्रारवही आणि त्यानं ठेवलेली नवी वही शेजारी ठेवा. तक्रारी कमी झाल्यात का, त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच त्याच पुन्हा येतात का. एकच प्रिंटर पाच वेळा वहीत असेल तर तो दुरुस्त्या करतोय, विश्लेषण नाही.

आणि तो सोडून जाईल तेव्हा

जाणारच. चांगला माणूस तीन-चार वर्षांत पुढं जातो, त्यात राग मानायचं कारण नाही. नोटिशीच्या काळातच नव्याला त्याच्या शेजारी बसवा आणि नकाशा, पाकीट, वही ताब्यात घ्या. शेवटच्या दिवशी व्हीपीएन आणि रिमोटचे त्याचे खाते बंद करा, फायरवॉलचा पासवर्ड बदला. एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते: ओटीपीचे मोबाइल नंबर. जीएसटी, ई-वे बिल, वेबसाइटचं नाव, क्लाउडचं खातं, कॅमेऱ्यांचं अ‍ॅप यांतलं काहीतरी त्याच्या स्वतःच्या नंबरावर जोडलेलं असतं, कारण त्या दिवशी मालक बाहेरगावी होते आणि घाई होती. तो अजून समोर बसलेला असताना एकेक उघडा, ओटीपी त्याच्याच फोनवर मागवा आणि नंबर कंपनीच्या सिमवर बदलून घ्या. ते सिमही कंपनीच्या नावावर घेतलेलं असू द्या, आणि त्याचा रिचार्ज अकाउंटंटच्या महिन्याच्या यादीत घाला.